चौथ्या रकान्याची वहिवाट

जुन्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह जोडला. आत घरच्या हिशेबाची एक फाइल होती, नाव साधं: जमाखर्च. पडद्यावर मात्र ओळीने सात प्रश्नचिन्हं उमटली. ज, म, काना, ख, र, हलन्त आणि च. सात चिन्हं, सात प्रश्न. दुसऱ्या यंत्रावर तीच फाइल नीट उघडत होती. इथे नावच ओळखीचं राहिलं नव्हतं, म्हणून ती उघडायचीही सोय नव्हती. इलाज एका शब्दाचा निघाला. पेनड्राइव्ह जोडण्याच्या ओळीत, चौथ्या रकान्यात, 'यूटीएफ८' असं लिहिलं आणि जमाखर्च परत जमाखर्च झाला.

ती ओळ ज्या फाइलीत असते तिचं नाव एफएसटॅब, म्हणजे फाइल सिस्टिमचा तक्ता. युनिक्सच्या वळणाच्या जवळपास प्रत्येक प्रणालीत ती ईटीसी या डिरेक्टरीत सापडते. एका ओळीत सहा रकाने असतात: कोणती डिस्क, ती कुठे जोडायची, फाइल सिस्टिमचा प्रकार कोणता, कोणत्या अटींवर जोडायची, आणि शेवटी दोन आकडे. ज्यांनी सातबारा वाचला आहे त्यांना ही मांडणी परकी वाटणार नाही. जमीन कुणाची, किती, कुठली हे वरवर सांगून होतं. खरी गुंतागुंत 'इतर हक्क' या रकान्यात दडलेली असते. कुणाचा बोजा, कुणाची पायवाट, कुणाचं कूळ. एफएसटॅबचा चौथा रकाना म्हणजे हे इतर हक्क. नोएटाइम, नोसुइड, नोडेव्ह, आरओ हे शब्द तिथे येऊन बसले ते कुणी एका बैठकीत ठरवले म्हणून नव्हे. प्रत्येकामागे एक अडचण आहे, बहुतेकांमागे एक काळ आहे. त्या शब्दांचा हा मागोवा.

'माउंट' हा शब्द मुळात हातकामाचा. मोठ्या संगणकांच्या खोल्यांत ऑपरेटर टेपचं रीळ किंवा चकत्यांचा गठ्ठा उचलून यंत्रावर चढवत, त्या चढवण्याला माउंट म्हणत. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवलं तेव्हा हाच शब्द त्यांनी आज्ञेला दिला. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या पहिल्या आवृत्तीच्या मार्गदर्शिकेत माउंट आहे, आणि डिस्क उतरवण्यासाठी 'यूमाउंट'ही आहे, तेव्हापासून आजवर मधला 'एन' गाळूनच लिहिला जाणारा. त्या माउंटला दोनच गोष्टी सांगायच्या: कोणतं उपकरण आणि कोणती जागा. पर्याय एकही नाही. पर्यायांची गरजही नव्हती, कारण त्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, जोडलेल्या डिस्कची नोंद ठेवायला जागाच एका डिस्कपुरती होती. एक आधीच जोडलेली असेल तर दुसरी जोडताना चूक दाखवली जाई.

कल्पना मात्र तेव्हाच पूर्ण होती, आणि ती कोकणातल्या कुणालाही पटकन उमजेल अशी आहे. कलम बांधतात तसं. एका झाडाच्या खोडावर दुसऱ्या झाडाची फांदी बसते, आणि पुढे पाहणाऱ्याला एकच झाड दिसतं. वापरणाऱ्याला दोन डिस्क दिसत नाहीत; रूटपासून निघालेली एकच वाट दिसते, जी मधे कुठेतरी नकळत एका चकतीवरून दुसरीवर जाते. डिस्कना वेगवेगळी अक्षरं देऊन त्यांना कायम वेगळं ठेवणाऱ्या प्रणाली पुढे आल्या, लोकप्रियही झाल्या. माझ्या मते कलमाची कल्पना अधिक देखणी आहे.

रिची आणि थॉम्पसन यांनी १९७४ साली युनिक्सवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला त्यात त्यांच्या स्वतःच्या यंत्राचं वर्णन आहे. रूट एका दहा लाख बाइटच्या स्थिर डिस्कवर. लोकांच्या फाइली ४ कोटी बाइटच्या मोठ्या डिस्कवर, ती यंत्र सुरू होतानाच जोडली जाई. आणि शिवाय २५ लाख बाइटच्या काढता-घालता येणाऱ्या चार छोट्या डिस्क, ज्यांवर वापरणाऱ्यांनी आपापली चकती आणून स्वतः माउंट करावी. आजच्या पेनड्राइव्हची ती पणजी. वापरणाऱ्यांनी स्वतः माउंट करण्याची ही मोकळीक लक्षात ठेवावी, कारण चौथ्या रकान्यातले निम्मे शब्द या उदारपणातून जन्मले.

त्याआधी थोरल्या पर्यायाकडे जाऊ. सहाव्या आवृत्तीच्या, म्हणजे १९७५ च्या मार्गदर्शिकेत माउंटला तिसरी गोष्ट सांगता येते: लिहायला परवानगी आहे की नाही. हाच आजचा 'आरओ', केवळ वाचनासाठी. तिथे सोबत एक सूचना आहे, आणि ती मला या साऱ्या कुळकथेतली सर्वात मोलाची वाटते. लेखनबंदीची कळ लावलेली डिस्क किंवा चुंबकीय टेप जोडायची असेल तर ती वाचनापुरतीच जोडा, नाहीतर तुम्ही काही लिहा वा न लिहा, चुका होतील. का? कारण युनिक्स प्रत्येक फाइलीवर तिला शेवटचं कधी वाचलं याची वेळ टिपून ठेवतं. फाइल नुसती वाचली तरी डिस्कवर ती वेळ लिहावी लागते. वाचन हेसुद्धा लेखन आहे! पहिल्या पर्यायाच्या मुळाशी ही खोच होती, आणि तिने पुढे तीस वर्षांनी पुन्हा डोकं वर काढलं.

आता तो उदारपणा. रिची यांनी युनिक्सच्या सुरक्षेवर एक छोटं टिपण लिहिलं, जे १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या कागदपत्रांत छापलं आहे. स्वतः बांधलेल्या घराच्या भिंतीतल्या फटी इतक्या मोकळेपणी दाखवणारं लिखाण विरळा. त्यात त्यांनी माउंटचाही समाचार घेतला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: डिस्क एकदा जोडली की प्रणाली तिच्यावर जे काही आहे त्यावर विश्वास ठेवते. म्हणून कुणीही कोरी चकती घ्यावी, आपल्या यंत्रावर तिच्यावर हवं ते लिहावं आणि आणून इथे जोडावी. त्यावर नुसता कचरा असेल तर यंत्र कोसळेल. त्यावर दुसऱ्याचे अधिकार मिळवून देणाऱ्या 'एसयू' या आज्ञेची, पासवर्ड न विचारणारी प्रत असू शकेल. त्यावर प्रणालीच्या उपकरणांकडे थेट जाणाऱ्या, सर्वांना खुल्या असलेल्या खास फाइली असू शकतील.

दुसरी आणि तिसरी शक्यता नीट समजून घेतली पाहिजे. युनिक्समध्ये एखाद्या प्रोग्रॅमवर 'सेटयूआयडी'ची खूण असली तर तो चालवणाऱ्याच्या नव्हे, मालकाच्या अधिकाराने चालतो. ही रिची यांचीच कल्पना. तिच्या पेटंटचा अर्ज १९७३ चा, मंजुरी १९७९ ची. पासवर्ड बदलण्यासारखी कामं सामान्य वापरकर्त्याला करता येतात ती या खुणेमुळे. पण खूण शेवटी डिस्कवरचा एक बिटच. बाहेरून आलेल्या चकतीवर 'मालक रूट (म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता), खूण लावलेली' असा प्रोग्रॅम कुणीही तयार करून ठेवू शकतो. तीच गत उपकरणांच्या फाइलींची. युनिक्समध्ये डिस्क, स्मृती, टर्मिनल हे सारं फाइलींच्या रूपात दिसतं, आणि ती फाइल कुठल्या डिरेक्टरीत आहे याला महत्त्व नसतं. तिच्यातले दोन क्रमांक कोणत्या उपकरणाकडे बोट दाखवतात एवढंच मोजलं जातं. म्हणजे माझ्या चकतीवरच्या एका फाइलीतून तुमची आख्खी डिस्क वाचता येईल.

रिची यांनी सोपा उपाय एकच सांगितला: सामान्य वापरकर्त्यांना माउंट वापरूच देऊ नका. दार बंद करून टाका.

पुढच्या पिढ्यांनी दार बंद ठेवलं खरं, पण सोबत दाराला कड्याही बसवल्या. 'नोसुइड' म्हणजे या डिस्कवरची सेटयूआयडीची खूण मानायची नाही. 'नोडेव्ह' म्हणजे इथल्या उपकरणांच्या फाइली उपकरणं म्हणून उघडायच्या नाहीत. १९९३ च्या बीएसडी ४.४ मध्ये, म्हणजे युनिक्सच्या बर्कलीतल्या शाखेत, हे दोन्ही आणि तिसरा 'नोएक्झेक', इथला कुठलाच प्रोग्रॅम थेट चालवायचा नाही, असे तिघे एकत्र नांदताना दिसतात. लिनक्स कर्नलमध्ये त्यांच्या खुणांचे आकडे आजही लागोपाठ आहेत: आरओ १, नोसुइड २, नोडेव्ह ४, नोएक्झेक ८. आणि लिनक्सच्या माउंटमध्ये 'यूजर' नावाचा पर्याय आहे. तो लिहिला की सामान्य वापरकर्त्याला ती डिस्क जोडायची मुभा मिळते आणि बरोबरीने नोएक्झेक, नोसुइड, नोडेव्ह या तिन्ही कड्या आपोआप लागतात. १९७४ मधली ती मोकळीक परत आली, पण रिचींच्या टिपणातली एकेक भीती ध्यानात ठेवून.

नोएक्झेकबद्दल गैरसमज मोठा आहे. तो प्रोग्रॅम थेट चालवणं रोखतो. शेलला हाक मारून 'ही फाइल वाच आणि तिच्यातल्या आज्ञा पाळ' असं सांगितलं तर शेल ती खुशाल वाचतो, कारण त्याच्या दृष्टीने ते निव्वळ वाचन. कडी कामाची आहे, कुलूप म्हणून तिच्यावर विसंबू नये.

हे शब्द लिहायला रकाना कधी मिळाला? तक्ता आला १९८० च्या बीएसडी ४.० मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत. त्या पहिल्या एफएसटॅबचे रकाने विसर्गचिन्हासारख्या कोलनने तोडलेले होते आणि ते सहा नव्हे, पाच होते. पर्यायांचा स्वतंत्र रकानाच नव्हता. 'प्रकार' म्हणून दोन अक्षरं लिहायची: वाचन-लेखनासाठी आरडब्ल्यू, केवळ वाचनासाठी आरओ, अदलाबदलीच्या जागेसाठी एसडब्ल्यू, आणि ही ओळ सोडून द्या असं सांगण्यासाठी एक्सएक्स. आज पर्याय म्हणून मिरवणारे आरडब्ल्यू आणि आरओ तिथे प्रकार म्हणून राहत होते.

शेवटचे दोन आकडे मात्र तेव्हाचे आहेत. पहिला सांगायचा की या डिस्कची टेपवर नक्कल किती दिवसांनी काढायची; डम्प नावाची आज्ञा तो वाचून आज कोणती टेप लावायची याची आठवण करून द्यायची. दुसरा, सुरू होताना डिस्क तपासायचा क्रम: रूट आधी म्हणून १, बाकीच्या २. दुसरा आकडा अजून राबतो आहे. पहिला बहुतेक ठिकाणी शून्य असतो. टेप गेल्या, ऑपरेटर गेले, रकाना राहिला. शेतात विहीर बुजून गेलेली असते तरी उताऱ्यावर तिची नोंद असते, तसा.

चौथा रकाना वेगळा झाला तो जाळ्यामुळे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर सन मायक्रोसिस्टिम्सने एनएफएस आणलं, दुसऱ्या यंत्रावरची डिस्क आपल्याच झाडाला जोडण्याची सोय. आता डिस्क खोलीत नव्हती, तारेच्या पलीकडे होती, आणि तार तुटू शकते. पलीकडचं यंत्र बंद असेल तर अनंतकाळ वाट पाहायची की थोड्या वेळाने चूक दाखवून मोकळं व्हायचं? पहिल्याला 'हार्ड' म्हणाले, दुसऱ्याला 'सॉफ्ट'. यंत्र सुरू होतानाच दुसरं उत्तर देत नसेल तर तिथेच अडकून न बसता मागच्या बाजूला प्रयत्न चालू ठेवायचा, तो 'बीजी'. एकमेकांच्या डिस्क जोडणारी दोन यंत्रं वीज गेल्यावर एकाच वेळी उठतात तेव्हा हा शब्द नसेल तर दोघंही एकमेकांची वाट पाहत राहतील. इतक्या अटी दोन अक्षरांत मावणार नव्हत्या. म्हणून प्रकार तिसऱ्या रकान्यात गेला आणि स्वल्पविरामांनी जोडलेल्या पर्यायांची माळ चौथ्यात आली. सहा रकान्यांची ही सनची मांडणी लिनक्सने उचलली. युनिक्सच्या दुसऱ्या घराण्याने, सिस्टिम पाचच्या चौथ्या प्रकाशनाने, सात रकान्यांचा व्हीएफएसटॅब केला. तो सोलॅरिसमध्ये टिकून आहे.

वाचन हेही लेखन असल्याची ती जुनी खोच २००७ साली लिनक्सच्या मंडळींत ऐरणीवर आली. ऑगस्टमध्ये कर्नलचे एक प्रमुख लेखक इंगो मोल्नार यांनी ठासून सांगितलं की वाचनाच्या वेळा टिपत राहणं हे लिनक्सच्या डिस्ककामातलं सर्वात मोठं ओझं आहे. 'नोएटाइम' लिहून ते टाळता येत होतं, पण मग काही गोष्टी मोडत. मट नावाचा पत्रवाचक टपालाची फाइल शेवटची कधी बदलली आणि शेवटची कधी वाचली याची तुलना करून नवं पत्र आलं की नाही ते ठरवतो. न वापरलेल्या तात्पुरत्या फाइली काढून टाकणारे प्रोग्रॅमही वाचनाची वेळ बघतात. त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेल्या २.६.२० या कर्नलमध्ये व्हॅलरी हेन्सन यांचा मधला मार्ग दाखल झालेला होता, 'रेलाटाइम': फाइल बदलल्यानंतर पहिल्यांदाच वाचली जात असेल तरच वेळ लिहा. मटचं काम भागलं. पुढे २४ तास उलटून गेले असतील तरीही लिहा ही पुस्ती जोडली गेली, सफाई करणाऱ्यांचं भागलं. जून २००९ च्या २.६.३० पासून ही लिनक्सची मूळ निवड आहे. दोन्ही बाजूंचं ऐकून घेऊन केलेला इतका नेटका निवाडा मी संगणकाच्या इतिहासात फारसा पाहिलेला नाही.

हलक्या प्रणालींकडे आता येतो, कारण हे सारे शब्द तिथे कमीत कमी जागेत बसावे लागतात. १९९५ मध्ये ब्रूस पेरेन्स यांनी डेबियन ही लिनक्स प्रणाली बसवण्यासाठीची सोय एका फ्लॉपीवर मावावी म्हणून बिझीबॉक्स लिहिलं: डझनावारी आज्ञा, एकच प्रोग्रॅम. त्यातली माउंट आज्ञा पुढे नव्याने लिहिली गेली. तिच्या कोडच्या माथ्यावर, रचनेच्या टिपणात, पहिलीच नोंद अशी आहे की माउंटचं अधिकृत विनिर्देशन अस्तित्वातच नाही. ते खरं आहे. युनिक्सच्या आज्ञांचं प्रमाणीकरण करणाऱ्या पोझिक्समध्ये माउंटला जागा नाही. म्हणजे नोसुइड काय करतो, रेलाटाइमचा अर्थ काय, हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. पन्नास वर्षं लोक एका वाटेने चालत आले, ती वाट झाली. आपल्याकडे याला वहिवाट म्हणतात, आणि वहिवाटीचा हक्क कागदाइतकाच पक्का असतो.

अल्पाइन लिनक्स या बिझीबॉक्सवर उभी आहे. कंटेनरसाठीची तिची प्रत मोजक्या एमबींत मावते. डिस्कवर बसवली तर ती एफएसटॅबमध्ये रूटसाठी आरडब्ल्यू आणि रेलाटाइम लिहून ठेवते. सीडीसाठी 'नोऑटो, आरओ', म्हणजे आपणहून जोडू नका आणि जोडलीत तर वाचण्यापुरती. पण तिची खरी खुबी डिस्कविना चालण्यात आहे. त्या पद्धतीत सुरू होताना सगळी प्रणाली स्मृतीत उतरते आणि ज्या पेनड्राइव्हवरून ती आली तो आरओ जोडलेला राहतो. तुम्ही केलेले बदल टिकवायचे तर 'एलबीयू कमिट' ही आज्ञा द्यायची. ती पेनड्राइव्हला क्षणभर लिहिण्यासाठी खुलं करते, बदलांचा गठ्ठा ठेवते आणि पुन्हा बंद करते. वीज अचानक गेली तरी पेनड्राइव्हवर अर्धवट लिहिलेलं काही राहण्याचा धोका त्या क्षणापुरताच. १९७५ चा तो थोरला पर्याय इथे रोजच्या कामाला आहे.

आणि प्रश्नचिन्हांचं काय? पेनड्राइव्हवर सहसा व्हीफॅट असतं. त्यात मालक, गट, परवानग्या साठवायची जागा नाही, म्हणून ती माहिती चौथ्या रकान्यातूनच पुरवावी लागते: यूआयडी, जीआयडी, यूमास्क. नावं मात्र त्यात युनिकोडमध्ये असतात. ती पडद्यापर्यंत आणताना कर्नल कोणत्या लिपिसंचात उतरवतं हा प्रश्न. लिनक्स कर्नलची जुनी मूळ निवड आहे आयएसओ ८८५९-१, पश्चिम युरोपातल्या भाषांचा संच. त्यात देवनागरीचं एकही अक्षर नाही, आणि जे अक्षर सापडत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह लावायचं असा नियम. ज्या प्रणालीने ही निवड बदललेली नसेल तिथे मराठी नावांची फाइल अशीच दिसणार. सात चिन्हांचं नाव असलेल्या दोन फाइली तर अगदी एकसारख्या. यूटीएफ८ हा शब्द त्या रकान्यातला आपल्यासाठी सर्वात जवळचा.

'डीफॉल्ट्स' असा एक शब्द त्या रकान्यात सर्रास चिकटवला जातो. तो कोरा नाही. लिनक्समध्ये त्याचा अर्थ लिहायला मुभा, सेटयूआयडी मान्य, उपकरणं मान्य, प्रोग्रॅम मान्य, म्हणजे चकतीवरच्या ज्या गोष्टींबद्दल रिचींनी बजावलं त्यांना दारं उघडी. रूटसाठी हे हवंच. वापरकर्त्यांच्या फाइली ठेवणाऱ्या होमसाठी किंवा बाहेरून आलेल्या पेनड्राइव्हसाठी सेटयूआयडीची आणि उपकरणांची मुभा लागत नाही. तेव्हा आपल्या यंत्रावरची एफएसटॅब आज एकदा उघडून चौथा रकाना वाचा. मेमरी कार्डवर चालणाऱ्या छोट्या यंत्राला नोएटाइम द्या, होमला नोसुइड आणि नोडेव्ह द्या, पेनड्राइव्हला यूटीएफ८ द्या. आधी जुन्या फाइलीची प्रत काढून ठेवा. जोडलेल्या डिस्कचे पर्याय बदलले असतील तर 'रीमाउंट' करून पाहा, नवी ओळ घातली असेल तर 'माउंट -ए' चालवून पाहा, आणि दोन्ही निमूट पार पडलं की मगच यंत्र बंद करून चालू करा.